क्रिस्टलवरचे पीपीएम आणि टॅगचे पीपीएम

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्लास्टिकच्या क्रेटवर लावायचा, कॉइन सेलवर चालणारा एक स्वस्त ब्लूटूथ टॅग आपण तयार केला आहे. त्यात ३२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल, म्हणजे चिपला ठरावीक वारंवारता पुरवणारा क्वार्ट्झचा तुकडा, असून त्याच्या डेटाशीटमध्ये २५ अंश सेल्सिअसला ±२० पीपीएम (पीपीएम म्हणजे दहा लाखांत एक भाग), उणे २० ते ७० अंशांच्या पट्ट्यात आणखी ±३० पीपीएम आणि लोड कपॅसिटन्स (क्रिस्टलला बोर्डाकडून मिळायला हवा तो कपॅसिटन्स) ८ पिकोफॅरड असे आकडे दिलेले आहेत. क्रिस्टलच्या दोन्ही पायांवर १५ पिकोफॅरडचे कपॅसिटर आहेत. टेबलावर, मोबाइल फोनवर सगळे टॅग व्यवस्थित दिसतात. मात्र टॅगचे संकेत टिपणाऱ्या गोदामातल्या गेटवेला भर दुपारी पत्र्याखालचे काही ठरावीक टॅग दिसेनासे होतात आणि संध्याकाळी तेच टॅग पुन्हा दिसू लागतात. यावर उपाय म्हणून प्रत्येक टॅगमध्ये टीसीएक्सओ, म्हणजे तापमान-भरपाई असलेला ऑसिलेटर, बसवावा का, असे आपण विचारले आहे.

माझे उत्तर असे की टीसीएक्सओ नको. आधी ते १५ पिकोफॅरडचे कपॅसिटर काढून १२ पिकोफॅरडचे लावा, मोजमाप करा, आणि त्यानंतर पुढच्या खरेदीत क्रिस्टल बदला. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण क्रिस्टलच्या डेटाशीटवर छापलेला पीपीएमचा आकडा आणि आपल्या टॅगमधून प्रत्यक्ष बाहेर पडणाऱ्या वारंवारतेची चूक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्वस्त टॅगमध्ये या दोहोंतली तफावत बहुतेक वेळा क्रिस्टलच्या कारखान्यात नव्हे, तर आपल्याच बोर्डावर तयार झालेली असते.

प्रथम मर्यादा किती आहे ते पाहू. चिपमधला सिंथेसायझर ३२ मेगाहर्ट्झला गुणून २.४ गिगाहर्ट्झची लहर तयार करतो, आणि गुणाकारात चुकीचे प्रमाण तसेच राहते. म्हणून २४४० मेगाहर्ट्झवर १ पीपीएम म्हणजे २.४४ किलोहर्ट्झ. ब्लूटूथ लो एनर्जीच्या मानकानुसार प्रक्षेपकाची मध्यवारंवारता तिच्या ठरलेल्या जागेपासून ±१५० किलोहर्ट्झपेक्षा जास्त ढळता कामा नये. हे सुमारे ६१ पीपीएम झाले. चिप बनवणारे यापेक्षा कडक आकडा मागतात. आपण वापरलेल्या नॉर्डिकच्या एनआरएफ५२८३२ या चिपसाठी ब्लूटूथ वापरात ±४० पीपीएमची अट आहे, आणि ती सुरुवातीची चूक, तापमान, वय व लोड या सगळ्यांची मिळून आहे. ही शेवटची गोष्ट पुष्कळांच्या नजरेतून सुटते. डेटाशीटच्या पहिल्या पानावर ±२० दिसले, अट ±४० ची आहे, म्हणजे निम्मी जागा शिल्लक राहिली असा समज होतो, आणि तिथेच हिशेब चुकतो.

आता फोनवर दिसणारा टॅग गेटवेवर का दिसत नाही? या पद्धतीत ‘एक’ हा बिट मध्यवारंवारतेच्या साधारण २५० किलोहर्ट्झ वर आणि ‘शून्य’ तेवढाच खाली पाठवला जातो. समजा, टॅगची मध्यवारंवारता १५० किलोहर्ट्झ खाली सरकली. मग ग्राहकाच्या, म्हणजे संकेत घेणाऱ्या रेडिओच्या, दृष्टीने ‘एक’ हा मध्याच्या केवळ १०० किलोहर्ट्झ वर राहतो आणि ‘शून्य’ ४०० किलोहर्ट्झ खाली जाऊन फिल्टरच्या कडेला टेकतो. सरक किती आहे याचा अंदाज घेऊन ती दुरुस्त करायला ग्राहकाजवळ पॅकेटच्या सुरुवातीचे ८ बिट, म्हणजे ८ मायक्रोसेकंद, असतात. संकेत जोरदार असेल तर हे साधते. दुबळा असेल तर साधत नाही. त्यामुळे वारंवारतेची चूक ‘टॅग बंद पडला’ अशी समोर येत नाही, तर ‘टॅगचा पल्ला कमी झाला’ अशी येते, आणि लोक आठवडेच्या आठवडे अँटेना बदलत बसतात. शिवाय ही चूक सापेक्ष असते. मोबाइल फोनमध्ये मोबाइल जाळ्यासाठी लागणारा अचूक संदर्भ-ऑसिलेटर असल्यामुळे फोनची स्वतःची चूक नगण्य असते, म्हणून तो टॅगची सगळी चूक एकटा पोटात घालतो. स्वस्त गेटवेमध्ये मात्र टॅगसारखाच साधा क्रिस्टल असतो. टॅग ५० पीपीएम खाली आणि गेटवे २० पीपीएम वर असला, की दोघांमधले अंतर ७० पीपीएम होते. टेबलावरची फोनची चाचणी म्हणूनच या बाबतीत काहीच सिद्ध करत नाही.

आपण सांगितलेल्या लक्षणांवरून आणखी दोन संशयितांचा विचार करायला हवा. पहिला कॉइन सेल. त्याचा अंतर्गत रोध थंडीत वाढतो, उन्हात नाही. दुपारी गप्प होणाऱ्या टॅगमध्ये त्याच्यावर पहिला आळ घेण्याचे कारण नाही. दुसरा म्हणजे दुपारच्या कामाच्या वेळी गोदामात वाढणारी वायफायची वर्दळ. ती असती तर जवळपास सगळ्याच टॅगना कमी-अधिक त्रास झाला असता, रोज त्याच त्या टॅगना नव्हे. तरीही खात्री करून घ्यावी. संध्याकाळी, सगळे टॅग दिसत असताना, दुपारी हरवणाऱ्यांपैकी एक टॅग जागेवरून न हलवता त्याच्यावर केस वाळवण्याच्या यंत्राची गरम हवा दोन-तीन मिनिटे सोडा आणि गेटवेच्या नोंदीत त्याची पॅकेटे विरळ होतात का ते पाहा. विरळ झाली आणि टॅग निवल्यावर परत आली, तर प्रश्न तापमानाचा आहे हे नक्की झाले.

आता मूळ मुद्दा, लोड कपॅसिटन्सचा. क्रिस्टल कारखान्यात घासून, तपासून ३२ मेगाहर्ट्झवर आणला जातो तो एका ठरावीक लोडवर. आपल्या बाबतीत ८ पिकोफॅरडवर. बोर्डावर त्याला नेमका तेवढाच लोड मिळाला, तरच डेटाशीटवरचे ±२० खरे. हा लोड म्हणजे दोन पायांवरच्या एकूण कपॅसिटन्सची एकसर जोडणी. दोन्ही बाजू सारख्या असतील तर एका बाजूच्या निम्मी. एका बाजूच्या एकूण कपॅसिटन्समध्ये आपण लावलेला कपॅसिटर तर असतोच, पण चिपच्या पायाचा, सोल्डरिंगच्या पॅडचा आणि ट्रेसचा स्ट्रे, म्हणजे न लावता आपोआप येणारा, कपॅसिटन्सही असतो. तो मिळून सुमारे ४ पिकोफॅरड धरू. दोन थरांच्या लहान बोर्डावर हा अंदाज फारसा चुकत नाही. मग आपल्या टॅगमध्ये प्रत्येक बाजूला १५ अधिक ४, म्हणजे १९ पिकोफॅरड झाले आणि क्रिस्टलला दिसणारा लोड झाला ९.५ पिकोफॅरड. हवा होता ८.

या दीड पिकोफॅरडने किती बिघडते ते काढता येते. आजकालच्या लहान आकाराच्या ३२ मेगाहर्ट्झ क्रिस्टलचा मोशनल कपॅसिटन्स (त्याच्या कंपनाशी निगडित असलेला) साधारण २.५ फेम्टोफॅरड आणि शंट कपॅसिटन्स (त्याच्या दोन पायांमधला) साधारण १ पिकोफॅरड धरा. आपल्या पुरवठादाराचे आकडे थोडे वेगळे असतील, ते त्याच्याकडून मागून घ्या. मोशनल कपॅसिटन्सच्या निम्म्याला शंट आणि लोड यांच्या बेरजेने भागायचे. ८ च्या लोडवर १.२५ फेम्टोफॅरड भागिले ९ पिकोफॅरड, म्हणजे १३८.९ पीपीएम, ९.५ च्या लोडवर भागिले १०.५, म्हणजे ११९ पीपीएम. फरक जवळपास २० पीपीएम, आणि लोड जास्त असल्यामुळे तो खालच्या बाजूला. आपला प्रत्येक टॅग, त्यातला क्रिस्टल कितीही अचूक असला तरी, जन्मतःच सुमारे ४९ किलोहर्ट्झ खाली बोलतो आहे. क्रिस्टलची किंमत दुप्पट केली तरी हे २० पीपीएम तसेच राहतील.

८ पिकोफॅरडचा लोड हवा असताना प्रत्येक बाजूला १६ पिकोफॅरड लागतात, त्यातून ४ स्ट्रेचे वजा केले की कपॅसिटर १२ चा येतो. १५ चा आकडा बहुधा कुठल्यातरी नमुना-सर्किटमधून, वेगळ्या लोडच्या क्रिस्टलसाठी काढलेल्या आराखड्यातून, तसाच उचलला गेला असावा. याच्या उलटची चूकही मी अनेकदा पाहिली आहे. डेटाशीटवर ८ पिकोफॅरड लिहिले आहे म्हणून दोन्ही बाजूंना ८ पिकोफॅरडचेच कपॅसिटर लावले जातात. मग प्रत्येक बाजूला १२, लोड ६, आणि वरच्याच रीतीने हिशेब केला तर वारंवारता सुमारे ४० पीपीएम वर जाते. म्हणजे चुकीसाठी असलेले संपूर्ण अंदाजपत्रक एका गैरसमजात संपले.

कपॅसिटर सीओजी जातीचा, म्हणजे तापमानाने जवळपास न बदलणारा, ५ टक्के किंवा त्याहून कमी टॉलरन्सचा घ्यावा. १२ चे ५ टक्के म्हणजे ०.६ पिकोफॅरड, लोडमध्ये ०.३, आणि वारंवारतेत साडेचार-पाच पीपीएम. हे सोसण्यासारखे आहे.

मोजमाप कसे करावे यावर थोडे विस्ताराने लिहितो, कारण इथे प्रामाणिकपणे मोजणारे लोकही फसतात. ऑसिलोस्कोपचा प्रोब क्रिस्टलच्या पायावर ठेवून वारंवारता वाचू नका. साध्या दहापट प्रोबचा स्वतःचा कपॅसिटन्स १० पिकोफॅरडच्या आसपास असतो. आपल्या टॅगमध्ये एका बाजूला १९ च्या जागी २९ झाले, की लोड ९.५ वरून ११.५ च्या जवळ जातो आणि वारंवारता आणखी सुमारे १९ पीपीएम खाली सरकते. एका प्रशिक्षणार्थी मुलीने मला असाच आकडा आणून दाखवला होता. तिने तो तीन वेळा मोजला होता, तिन्ही वेळा सारखा आला होता, आणि तिन्ही वेळा तो प्रोबसकट असलेल्या क्रिस्टलचा होता. तिच्या हातून चूक अशी काही झाली नव्हती, मोजण्याची जागा तेवढी चुकली होती.

योग्य रीत अशी की चिपला चाचणीच्या फर्मवेअरमधून मॉड्युलेशन नसलेली सलग लहर २४४० मेगाहर्ट्झवर सोडायला लावायची आणि टॅगला स्पर्श न करता, काही सेंटिमीटरवर ठेवलेल्या अँटेनाने ती स्पेक्ट्रम ॲनालायझरवर वाचायची. २० पीपीएम खाली असलेला टॅग २४३९.९५१ मेगाहर्ट्झच्या आसपास दिसेल. ॲनालायझर अर्धा तास तापू द्यावा आणि त्याच्या संदर्भ-ऑसिलेटरची शेवटची तपासणी केव्हा झाली ते पाहावे. शक्य असेल तर त्याला जीपीएसशी बांधलेला १० मेगाहर्ट्झचा संदर्भ द्यावा.

ॲनालायझर नसेल तर काम अडत नाही. एक साधा जीपीएस मॉड्यूल दर सेकंदाला एक अचूक स्पंद देतो. तो स्पंद टॅगच्या एका मोकळ्या पायावर आणा, १६ मेगाहर्ट्झवर चालणाऱ्या टायमरचा आकडा प्रत्येक स्पंदाला टिपा, आणि लागोपाठच्या दोन आकड्यांतला फरक पाहा. क्रिस्टल अचूक असेल तर फरक १,६०,००,००० येईल. २० पीपीएम खाली असेल तर १,५९,९९,६८०. एक अंक म्हणजे ०.०६ पीपीएम, म्हणजे आपल्या गरजेच्या कितीतरी पट बारीक वाचन होते. फक्त टायमर खरोखर क्रिस्टलवर चालतो आहे ना, हे पाहून घ्या. पुष्कळ चिपमध्ये रेडिओ बंद असताना घड्याळ आपोआप आतल्या आरसी (रोध आणि कपॅसिटरवर चालणाऱ्या) ऑसिलेटरवर जाते, आणि तो हजारो पीपीएमने चुकीचा असतो. वाचन विचित्र आले तर क्रिस्टलला दोष देण्याआधी ही एक ओळ फर्मवेअरमध्ये तपासावी.

एक टॅग मोजून काही कळत नाही. निदान ३० टॅग मोजा, आणि शक्य असल्यास क्रिस्टलच्या दोन-तीन वेगवेगळ्या रीलमधले (रील म्हणजे क्रिस्टल ज्या गुंडाळीत येतात ती). या ३० आकड्यांची सरासरी आणि त्यांची पसरण यांचे अर्थ वेगळे आहेत. सरासरी शून्यापासून दूर असेल तर ती चूक बोर्डाची, म्हणजे कपॅसिटर बदलून जाणारी. पसरण मोठी असेल तर ती क्रिस्टलच्या प्रतीची, म्हणजे खरेदी बदलून जाणारी. आपल्या टॅगमध्ये सरासरी उणे २० च्या जवळ येईल, असा माझा अंदाज आहे. ती उणे १२ किंवा उणे २६ आली तरी बिघडत नाही; स्ट्रेचा माझा ४ चा अंदाज आपल्या बोर्डावर किती खरा आहे हे त्यावरून कळेल, आणि नवा कपॅसिटर त्याप्रमाणे निवडता येईल. या क्रिस्टलसाठी लोडमधला १ पिकोफॅरड म्हणजे साधारण १५ पीपीएम, आणि लोडमधला १ पिकोफॅरड म्हणजे प्रत्येक कपॅसिटरमधले २ पिकोफॅरड, एवढे ध्यानात ठेवले की पुरे.

तापमानाकडे वळू. रेडिओसाठी वापरले जाणारे जवळपास सगळे क्रिस्टल एटी-कट पद्धतीचे असतात. हा काप १९३४ मध्ये बेल प्रयोगशाळेत सापडला. क्वार्ट्झच्या स्फटिकातून चकती सुमारे ३५ अंश १५ मिनिटांच्या कोनात कापली, की तिच्या वारंवारतेचा तापमानाशी असलेला आलेख सरळ उतरता न राहता इंग्रजी एस अक्षरासारखा आडवा होतो. खोलीच्या तापमानापासून थंडीकडे जाताना वारंवारता थोडी वर चढते आणि मग पडते. उष्णतेकडे जाताना ती आधी खाली जाते आणि ६० अंशांच्या आसपास तळ गाठून पुन्हा वर येते. कोनातल्या काही मिनिटांच्या फरकानेही हा तळ किती खोल असेल ते बदलते, म्हणूनच चांगल्या आणि स्वस्त क्रिस्टलमधला फरक इथे सर्वांत जास्त जाणवतो. नेमका आलेख क्रिस्टलगणिक वेगळा असला तरी आपल्या लक्षणांशी त्याची दिशा जुळते. पत्र्याखाली दुपारी टॅग ५५-६० अंशांवर जातो, वारंवारता खाली सरकते, आणि आधीच २० पीपीएम खाली असलेला टॅग आणखी खोल जातो. ज्या टॅगमधला क्रिस्टल मुळातच उणे बाजूचा आहे, तो सर्वांत आधी मर्यादेबाहेर पडतो. म्हणून रोज तेच टॅग हरवतात. पहाटेच्या गारव्यात ते हरवत नाहीत, याचेही उत्तर यात आहे.

आता बेरीज करू. आजची स्थिती सर्वांत वाईट टॅगसाठी अशी आहे : चुकीच्या लोडचे २०, सुरुवातीच्या टॉलरन्सचे २०, तापमानाचे ३०, वयोमानाचे ५ आणि कपॅसिटरच्या टॉलरन्सचे ५. एकूण ८० पीपीएम, म्हणजे १९५ किलोहर्ट्झ, मानकाच्या मर्यादेबाहेर. केवळ कपॅसिटर १२ चा केला की ६० पीपीएम, म्हणजे १४६ किलोहर्ट्झ. मानकाच्या अगदी कडेवर, पण आत. त्याच्यापुढे ±१० आणि तापमानात ±२० असा क्रिस्टल घेतला की १०, २०, ५ आणि ५ मिळून ४० पीपीएम होतात, आणि चिपची अटही पाळली जाते. इतक्या कमी खर्चात हा प्रश्न सुटत असताना टीसीएक्सओच्या किमतीचा, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्याला लागणाऱ्या जादा विजेचा, बोजा कॉइन सेलवर टाकणे मला पटत नाही.

यावर कोणी म्हणेल की सगळ्या चुका एकाच दिशेला एकाच वेळी जाण्याची शक्यता कमी, मग वर्गांची बेरीज करून तिचे वर्गमूळ का घेऊ नये? तसे केले तर शेवटचा ४० चा आकडा २३-२४ वर येतो आणि मन सुखावते. पण ती रीत चुका एकमेकींपासून स्वतंत्र असतील तरच लागू पडते. एका रीलमधले क्रिस्टल एकाच दिवशी, एकाच यंत्रावर, एकाच कोनात कापलेले असतात. त्यांच्या चुका भावंडांसारख्या असतात. एका लॉटचे हजार टॅग एकाच बाजूला झुकलेले मी पाहिले आहेत. म्हणून लाखो टॅग बनवणाऱ्याने आकडेवारी जमवून वर्गमूळ घ्यावे; हजार-दोन हजार बनवणाऱ्याने सरळ बेरीज करावी.

पॉटिंगबद्दल, म्हणजे टॅग राळेत बंद करण्याबद्दल, आपण काही लिहिलेले नाही, पण क्रेटवरचा टॅग धुतला जातो, तेव्हा कधी ना कधी आपण त्यात इपॉक्सी ओतणारच. माझ्या एका कामात बोर्ड मोजून, कपॅसिटर निवडून, सरासरी शून्यावर आणून झाल्यावर टॅग इपॉक्सीत बुडवले गेले आणि सगळेच्या सगळे सात-आठ पीपीएम खाली उतरले. कारण साधे होते : पॅडच्या आणि ट्रेसच्या आजूबाजूला हवा होती तिथे हवेच्या तीन-चार पट पराविद्युत स्थिरांक असलेला पदार्थ आला आणि लोड अर्ध्या पिकोफॅरडने वाढला. त्यानंतर मी अंतिम मोजमाप नेहमी तयार, बंद टॅगवरच करतो. हीच गोष्ट सोल्डरिंगनंतर क्रिस्टलभोवती राहिलेल्या फ्लक्सची आणि दमटपणाची. क्रिस्टलचे ट्रेस जेवढे आखूड आणि त्यांच्या खालचा तांब्याचा थर जेवढा दूर, तेवढा स्ट्रे लहान आणि त्यातली चढउतारही लहान.

टॅगमध्ये ३२.७६८ किलोहर्ट्झचा दुसरा क्रिस्टलही असेल. तो झोपेतल्या टॅगचे घड्याळ चालवतो, आणि त्याच्या टॉलरन्सचा वरच्या चर्चेशी काही संबंध नाही. त्याचा काप वेगळा असतो. २५ अंशांपासून जितके दूर जावे तितक्या अंतराच्या वर्गाला ०.०३४ ने गुणून जे येईल तेवढे पीपीएम तो मागे पडतो, मग थंडी असो वा उष्णता. ६० अंशांवर हे सुमारे ४२ पीपीएम होतात. टॅग केवळ जाहिरातीची (ॲडव्हर्टायझिंग), म्हणजे आपली ओळख सगळ्यांना सांगणारी, पॅकेटे सोडत असेल तर याने काही अडत नाही, कारण मानकच प्रत्येक पॅकेटाच्या वेळेत ० ते १० मिलिसेकंदांची यादृच्छिक भर घालायला सांगते. अशा टॅगमधून हा क्रिस्टल काढून टाकून चिपमधला आरसी ऑसिलेटर वापरता येतो, आणि बचत करायचीच असेल तर ती इथे करावी. टॅग गेटवेशी जोडणी टिकवून ठेवणार असेल तर मात्र दोन्ही बाजूंच्या घड्याळांच्या चुकांची बेरीज करून टॅगला तेवढा वेळ आधीपासून कान उघडा ठेवावा लागतो. चार सेकंदांच्या अंतराला बेरीज ४० पीपीएम असेल तर हा वेळ दोन्ही बाजूंना १६० मायक्रोसेकंद, ५५० असेल तर २.२ मिलिसेकंद, तो फरक थेट सेलच्या आयुष्यातून जातो. ओळख लपवण्यासाठी ठरावीक काळाने आपला पत्ता बदलणाऱ्या टॅगमध्येही विचार करावा : ५०० पीपीएमचे घड्याळ दिवसाला ४३ सेकंद आणि वर्षाला चार तासांहून जास्त भरकटते, तर २० पीपीएमचे वर्षाला साडेदहा मिनिटे.

टीसीएक्सओ कुठे खरोखर लागतो, तेही सांगतो. लोराच्या, म्हणजे लांब पल्ल्याच्या संथ रेडिओ पद्धतीच्या, टॅगमध्ये बँडविड्थ १२५ किलोहर्ट्झ असेल तर ग्राहक तिच्या सुमारे पावपट, म्हणजे ३१ किलोहर्ट्झची सरक सोसतो, भारतातल्या ८६५.४०२५ मेगाहर्ट्झच्या चॅनेलवर हे ३६ पीपीएम होतात. लोराच्या गेटवेमध्ये सहसा टीसीएक्सओ असतो, म्हणून टॅगमध्ये साधा चांगला क्रिस्टल पुरतो. बँडविड्थ ६२.५ किलोहर्ट्झच्या खाली नेली की तो पुरत नाही. आणि सर्वांत संथ दराला, एसएफ १२ ला, पॅकेट सेकंदाहून जास्त काळ चालते. तेवढ्या वेळात पूर्ण शक्तीवर चाललेला प्रक्षेपक शेजारचा क्रिस्टल तापवतो आणि पॅकेटच्या मध्येच वारंवारता सरकू लागते. तिथे क्रिस्टल चिपपासून दूर ठेवून मधल्या तांब्यात खाच पाडणे किंवा टीसीएक्सओ बसवणे, हे मुख्य मार्ग आहेत. अल्ट्रा-वाइडबँडच्या, सेंटिमीटरांत अंतर मोजणाऱ्या टॅगमध्ये मानकच ±२० पीपीएम मागते, आणि तिथे चूक पल्ल्यात नव्हे तर थेट अंतरात उतरते. संकेत जाऊन उत्तर परत यायला लागणाऱ्या वेळेवरून अंतर काढणाऱ्या एकेरी जा-ये मापनात उत्तराला १ मिलिसेकंद लागला आणि दोन घड्याळांत २० पीपीएमचा फरक असला, तर १० नॅनोसेकंदांची, म्हणजे ३ मीटरची चूक येते. तिथेही महाग क्रिस्टलपेक्षा दुहेरी मापनाची पद्धत आणि चिपमधली ट्रिमिंगची, म्हणजे वारंवारता बारीक जुळवण्याची, सोय जास्त उपयोगी पडते.

खरेदीबद्दल एक कळकळीची सूचना. पुरवठादाराला ‘१० पीपीएमचा ३२ मेगाहर्ट्झ क्रिस्टल’ एवढेच सांगू नका. सुरुवातीचा टॉलरन्स, तापमानाचा टॉलरन्स व त्याचा पट्टा, पहिल्या वर्षाचे वयोमान आणि लोड कपॅसिटन्स, असे चार आकडे वेगवेगळे लिहून मागा. क्रिस्टलच्या टोपणावर बहुधा वारंवारतेशिवाय कामाचे काही छापलेले नसते. माल संपला म्हणून खरेदी विभागाने १२ पिकोफॅरड लोडचा क्रिस्टल आणून ८ च्या बोर्डावर लावला, तर डोळ्यांना काहीच दिसत नाही आणि वारंवारता ४० पीपीएमहून जास्त वर जाते. पर्यायी भागांच्या यादीत लोडचा आकडा ठळक लिहून ठेवा, आणि नव्या रीलमधले पहिले पाच टॅग जीपीएसच्या स्पंदावर मोजल्याशिवाय ती रील चालू करू देऊ नका.

सध्या गोदामात असलेल्या टॅगचे काय करायचे? आपल्या टॅगमधली एनआरएफ५२८३२ चिप स्वतःबाहेर, बोर्डावर लावलेल्या कपॅसिटरवर चालते, त्यामुळे फर्मवेअरमधून लोड कमी करण्याची सोय तिच्यात नाही. काही नव्या चिपमध्ये ती असते आणि पुढच्या आराखड्यात तिचा जरूर विचार करा. आज मात्र दुपारी हरवणाऱ्यांपैकी दहा टॅग उचलून आणा, त्यांची वारंवारता मोजून लिहून ठेवा, कपॅसिटर बदलून पुन्हा मोजा, आणि ते त्याच क्रेटवर, त्याच पत्र्याखाली, त्याच जागी परत लावा. शेजारी न बदललेले दहा राहू द्या. दोन-तीन कडक दुपारींत गेटवेच्या नोंदी आपल्याला जे सांगतील, त्यावरून उरलेले टॅग परत बोलवायचे की नाही ते ठरवता येईल. तेव्हाचे मोजमाप आणि त्या दुपारचे पत्र्याखालचे तापमान मला कळवा. क्रिस्टलची पुढची प्रत कोणती घ्यावी ते आपण त्या आकड्यांवरून ठरवू.